कॅनडा कॉर्नरजवळचा शनिवार-रविवारचा जावा क्लास: इथे ऑब्जेक्ट आधी हातात देतात, व्याख्या नंतर

जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत क्लास म्हणजे काय, ऑब्जेक्ट म्हणजे काय, मेथड म्हणजे काय हे ज्यांना विचारलं की फटाफट सांगता येतं, पण रिकामी फाइल समोर उघडली की पहिली ओळ काय लिहायची तेच सुचत नाही, अशा लोकांसाठी हा रिव्ह्यू लिहितेय. नाशकात असे खूप जण आहेत, आमच्या बॅचमध्ये तर निम्म्याच्या वर तसेच होते. क्लास कॅनडा कॉर्नरपासून चालत अंतरावर आहे, दुसरा मजला, लिफ्ट नाही, शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी असतो. आधीच सांगून टाकते, मला हा क्लास मनापासून आवडला, तक्रारी आहेत त्या पण खाली लिहिल्यात.

मी सातपूरला अकाउंट्समध्ये आहे, बीकॉम झालेलं, प्रोग्रॅमिंगशी दूरदूरचा संबंध नव्हता. त्याच्या आधी एका दुसऱ्या ठिकाणी, नाव घेत नाही, फाउंडेशन कोर्स केला होता. तिथे पहिल्या दिवशी फळ्यावर चार शब्द लिहिले, एनकॅप्सुलेशन, अ‍ॅबस्ट्रॅक्शन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम, आणि सांगितलं की इंटरव्ह्यूला हेच विचारतात, पाठ करा. क्लास म्हणजे मोदकाचा साचा आणि ऑब्जेक्ट म्हणजे मोदक असं उदाहरण दिलं, सगळ्यांनी वहीत साचा काढला आणि पुढच्या टॉपिकवर गेले. आता मोदकाचं उदाहरण ऐकायला छान वाटतं पण त्यात एक मोठीच गोष्ट राहून जाते. मोदक काही करत नाही ना, एकदा झाला की झाला. ऑब्जेक्ट मात्र काम करतो, त्याला काहीतरी विचारता येतं, सांगता येतं, त्याची स्वतःची माहिती बदलत राहते, आणि मेथड म्हणजे नेमकं तेच. तेवढाच भाग गाळून शिकवलं तर पुढे सगळी घोकंपट्टीच होणार.

इथे पहिल्या लेक्चरला सरांनी एकही व्याख्या दिली नाही. लॅपटॉपवर ब्लूजे नावाचं सॉफ्टवेअर टाकायला लावलं, फुकट आहे, मेलबर्नच्या मोनॅश युनिव्हर्सिटीत मायकेल कोलिंग आणि जॉन रोझेनबर्ग यांनी १९९९ मध्ये खास शिकणाऱ्यांसाठीच केलेलं. त्यात क्लास म्हणजे स्क्रीनवर एक चौकोन दिसतो. त्यावर राइट क्लिक करायचं, न्यूवर क्लिक करायचं, ऑब्जेक्टला नाव द्यायचं, की खाली पट्टीवर लाल रंगाचा एक डबा येऊन बसतो. तोच ऑब्जेक्ट. परत न्यू केलं की दुसरा डबा. मग त्या डब्यावर राइट क्लिक केलं की त्याच्या मेथड्सची यादी येते, एक निवडायची, ती चालते, आणि इन्स्पेक्ट केलं की त्या डब्याच्या आत आत्ता कुठल्या व्हॅल्यू आहेत ते दिसतं. आम्ही दोन डबे केले, एकावर मेथड चालवली, दोन्ही उघडून बघितले, एकाची व्हॅल्यू बदललेली आणि दुसऱ्याची जशीच्या तशी. एक क्लास आणि त्याचे वेगवेगळे ऑब्जेक्ट याचा अर्थ त्या दोन खिडक्या शेजारी शेजारी बघितल्यावर जो कळतो तो कुठल्याच वाक्याने कळत नाही, हे मी अगदी ठामपणे सांगते.

आणि यात अजून एक फायदा असा की मेन मेथडची, म्हणजे एरवी प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या मेथडची, गरजच लागत नाही. बाकी सगळीकडे पहिल्याच दिवशी पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन लिहायला लावतात आणि म्हणतात हे असंच असतं, नंतर कळेल, म्हणजे नवीन माणसाला न कळलेले चार शब्द डोक्यावर घेऊनच सुरुवात करायची. इथे ती ओळ बऱ्याच आठवड्यांनी आली आणि आली तेव्हा त्यातला प्रत्येक शब्द आधीच माहीत झालेला होता.

दुसऱ्या लेक्चरला सरांनी क्लासच्या कोडमध्ये एक ओळ बदलायला सांगितली आणि परत कंपाइल करायला, म्हणजे कोड कॉम्प्युटरला चालेल अशा रूपात आणायला लावलं. खालच्या पट्टीवरचे सगळे लाल डबे गेले. बॅचमध्ये एकदम गलका, सर माझे ऑब्जेक्ट कुठे गेले. सर म्हणाले, आता तुम्हीच सांगा. बराच वेळ चर्चा चालली आणि शेवटी एका अकरावीतल्या मुलीने सांगितलं की क्लास फाइलमध्ये आहे म्हणून राहिला आणि ऑब्जेक्ट फक्त प्रोग्रॅम चालू असताना मेमरीत होते म्हणून गेले. सरांनी त्यात एका शब्दाची पण भर घातली नाही, फक्त म्हणाले की हे वहीत लिहून घ्या तिच्या नावाने. मला शिकवण्याची ही पद्धत फार आवडली.

पुढचा बहुतेक कोर्स एकाच प्रोग्रॅमवर चालला आणि माझ्या मते या कोर्सची खरी ताकद तिथेच आहे. आमच्यात एक पिंपळगाव बसवंतकडचा मुलगा होता, घरचा कांदा, त्याला सरांनी विचारलं की मार्केटला गाडी नेली की काय काय होतं ते सांग. त्याने सांगितलं, भरलेल्या ट्रॅक्टरचं काट्यावर वजन होतं, लिलावात क्विंटलला भाव निघतो, माल खाली केला की रिकाम्या गाडीचं वजन होतं, मग निव्वळ वजन काढून हिशोबपट्टी बनते. एवढ्यावरून फळ्यावर गाडी नावाचा क्लास उभा राहिला. भरलेलं वजन, रिकामं वजन, भाव या तीन फील्ड, म्हणजे प्रत्येक गाडीने स्वतःजवळ ठेवायची माहिती, आणि वजन नोंदव, भाव ठरव, निव्वळ वजन सांग, रक्कम सांग या मेथड्स. नावं खरंच देवनागरीत टाइप केली होती सरांनी, जावाला ते चालतं, युनिकोडमधली अक्षरं नावात वापरता येतात. पुढे मात्र इंग्रजी नावांची सवय लावली, कारण ऑफिसात तसंच लिहावं लागतं.

आता नीट सांगते काय झालं ते. ट्रॅक्टर भरलेला ५६५० किलो, रिकामा ३२०० किलो, म्हणजे निव्वळ २४५० किलो, साडेचोवीस क्विंटल. भाव १६०० धरला. रक्कम ३९,२०० यायला हवी. प्रोजेक्टरवर ज्याचा प्रोग्रॅम लावला होता त्याच्यात आले ३८,४००. प्रोग्रॅम कुठेही अडखळला नाही, लाल ओळ नाही, एरर नाही, सगळं सुरळीत. पिंपळगावचा मुलगा तोंडी हिशोब करून लगेच म्हणाला, सर आठशे रुपये कमी आहेत. कारण असं की वजन इंट प्रकारचं, म्हणजे फक्त पूर्ण आकडा ठेवणारं घेतलं होतं, आणि जावात इंटला इंटने भागलं की दशांशानंतरचं सरळ कापलं जातं, २४५० भागिले १०० म्हणजे २४, अर्धा क्विंटल गायब. हे पुस्तकात इंटिजर डिव्हिजन म्हणून एका ओळीत असतं आणि आपण वाचून पुढे जातो. इथे शेतकऱ्याच्या पट्टीतून आठशे रुपये गेलेले दिसले तेव्हा अख्खी बॅच जागी झाली. त्यानंतर कुणीही भागाकार लिहिताना १०० च्या ऐवजी १००.० लिहायला विसरलं नाही.

दुसरी गोष्ट जी इथे नीट घासून घेतात ती म्हणजे रिटर्न आणि प्रिंट यातला फरक. नवीन शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण रक्कम काढणाऱ्या मेथडच्या आतच प्रिंट करतो, स्क्रीनवर आकडा दिसतो, वाटतं झालं काम. मग सरांनी सांगितलं की आता दिवसभरात आलेल्या सगळ्या गाड्यांची मिळून एकूण रक्कम काढा. तिथे गाडं अडलं, कारण मेथडने आकडा स्क्रीनवर दाखवून टाकला, परत कुणाच्या हातात दिलाच नाही, तर बेरीज कशाची करणार. व्हॉइड (काहीच परत देत नाही) काढून डबल (दशांशाचा आकडा परत देते) लिहायचं आणि शेवटी रिटर्न द्यायचं, आणि छापायचं काम ज्याने विचारलं त्याच्यावर सोडायचं. ब्लूजेमध्ये हे लगेच दिसतं, रिटर्न करणारी मेथड चालवली की निकालाची वेगळी खिडकी उघडते, व्हॉइडला उघडत नाही.

यातूनच सरांचा नेहमीचा प्रश्न निघतो, प्रत्येक रविवारी ऐकायला मिळतो, हे काम कोणाचं? हिशोबपट्टीवर जी काही कपात असेल ती वजा करायची हे गाडीचं काम की पट्टीचं? एकूण आवक मोजायची हे एका गाडीचं काम का? गाडीला बाकीच्या गाड्या माहीतच नाहीत, मग ती कशी मोजेल? तर बाजार असा वेगळा क्लास हवा, त्याच्याकडे गाड्यांची अ‍ॅरेलिस्ट, म्हणजे वाढत जाणारी यादी हवी. ऑब्जेक्ट ओरिएंटेड म्हणतात त्यातलं नव्वद टक्के शहाणपण या एका प्रश्नात आहे असं मला आता वाटतं, सिंटॅक्स, म्हणजे कोड लिहायचे नियम, काय गूगल केला तरी मिळतो, पण कुठली मेथड कुठल्या क्लासमध्ये ठेवायची हे असं डोकं खाजवून, वाद घालूनच जमतं. आमच्यात यावरून चक्क दोन गट पडायचे आणि सर ते पडू द्यायचे.

प्रायव्हेट का लिहायचं हे पण असंच कळलं. आधी सगळ्या फील्ड उघड्या ठेवल्या, मग सरांनी बाहेरून रिकामं वजन ९००० टाकलं, भरलेल्यापेक्षा जास्त, आणि निव्वळ वजन मायनसमध्ये गेलं. म्हणून फील्ड प्रायव्हेट केली, आत जायचा रस्ता फक्त मेथडमधून ठेवला आणि त्या मेथडमध्ये तपासणी लावली. एनकॅप्सुलेशन हा शब्द त्यानंतर आला, तोवर सगळ्यांनी ते करून झालेलं होतं. आणि एक चांगलं सांगितलं, की प्रत्येक फील्डला डोळे झाकून गेटर-सेटर, म्हणजे व्हॅल्यू वाचायच्या आणि बदलायच्या मेथड, लावत सुटलात आणि सेटरमध्ये काहीच तपासलं नाही तर प्रायव्हेट लिहून न लिहिल्यासारखंच. यूट्यूबवर अर्ध्या व्हिडिओंमध्ये तेच करतात.

रेफरन्सचं लेक्चर या कोर्समधलं सगळ्यात भारी. गाडी अ असं एक व्हेरिएबल, मग गाडी ब बरोबर गाडी अ असं लिहिलं, ब चा भाव बदलला, अ चा पण बदलला. सगळ्यांना वाटतं कॉपी झाली, पण कॉपी होत नाही, ऑब्जेक्ट एकच आणि त्याच्याकडे दोन बाण. सरांनी प्रत्येकाला फळ्यावर बोलावून बाण काढायला लावले, व्हेरिएबल डावीकडे, ऑब्जेक्ट उजवीकडे, आणि कोडची एकेक ओळ वाचत बाण पुसून नवीन काढायचा. ज्या व्हेरिएबलचा बाण कुठल्याच ऑब्जेक्टकडे जात नाही ते नल, त्याच्यावर मेथड बोलावली की नल पॉइंटर एक्सेप्शन हा एरर. हे नल १९६५ साली टोनी होअर या ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञांनी एका भाषेत आणलं आणि पुढे २००९ मध्ये त्यांनी स्वतःच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं, हे सांगितल्यावर आपल्याला एरर आला तर फार मनाला लावून घ्यायचं नाही एवढं कळतं. जावा १५ पासून तर नेमकं कुठलं व्हेरिएबल नल आहे ते एररमध्येच लिहून येतं, सरांची सवय आहे एरर मोठ्याने वाचायला लावायची, पूर्ण, पहिल्या शब्दापासून, मग त्याचा अर्थ मराठीत विचारतात. घरी पायथन ट्यूटर नावाची फुकट साइट वापरायला सांगितली, त्यात जावा पण चालतं आणि बाण आपोआप काढून दाखवते, हे ज्यांना कुठलाच क्लास लावायचा नाही त्यांनी पण जरूर बघा.

बारीकसारीक खाचखळगे पण बरेच सांगतात. कन्स्ट्रक्टरच्या, म्हणजे नवीन ऑब्जेक्ट बनताना जो कोड चालतो त्याच्या, आधी चुकून व्हॉइड लिहिलं तर जावा काही एरर देत नाही, ती त्याच नावाची साधी मेथड होऊन बसते आणि ऑब्जेक्टमध्ये सगळे शून्य राहतात, आमच्या बॅचमधल्या दोघांची एक अख्खी संध्याकाळ यात गेली. आपण एक कन्स्ट्रक्टर लिहिला की रिकाम्या कंसाचा फुकटचा मिळणारा कन्स्ट्रक्टर बंद होतो. शेतकऱ्याचं नाव कीबोर्डवरून घेतलं आणि दोन बरोबरच्या चिन्हांनी तुलना केली तर सारखं दिसणारं नाव पण वेगळं निघतं, तिथे इक्वल्स मेथडच लागते. ऑब्जेक्ट सरळ प्रिंट केला तर क्लासचं नाव, अ‍ॅट आणि पुढे काहीतरी आकडे-अक्षरं येतात, टू-स्ट्रिंग मेथड लिहिली की माणसाने वाचावं असं येतं.

स्टॅटिकसाठी एकच उदाहरण, आज किती गाड्या आल्या हा आकडा कुठल्याच एका गाडीचा नाही, क्लासचा आहे. संपलं. एवढ्या कमी वेळात मी कधीच स्टॅटिक समजून घेतलं नसतं.

एका रविवारी थोडा इतिहास पण झाला आणि तो उगाच नव्हता. क्लास आणि ऑब्जेक्ट ही कल्पना नॉर्वेची, ओस्लोच्या कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी सिम्युला ६७ या भाषेत आणली, कारण त्यांना खऱ्या जगातल्या रांगा, वाहतूक, कारखाने यांची नक्कल कॉम्प्युटरवर करायची होती. म्हणजे मार्केटच्या गेटवर लागलेली गाड्यांची रांग हे तर मूळ कामाच्या अगदी जवळचं उदाहरण निघालं. त्या दोघांना २००१ चं ट्युरिंग अवॉर्ड मिळालं आणि दोघंही २००२ मध्ये गेले. नंतरच्या भाषा म्हणजे अ‍ॅलन के आणि मंडळींचं स्मॉलटॉक, मग स्ट्रूस्ट्रुप यांचं सी प्लस प्लस, १९९५ ला सन कंपनीचं जावा. बॅचमधल्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी सी प्लस प्लस कॉलेजात केलेलं होतं, पण हे सगळं का सुरू झालं ते त्यांना पण इथेच पहिल्यांदा ऐकायला मिळालं.

शेवटाकडे पायथन या दुसऱ्या भाषेचं एक लेक्चर असतं, तोच गाडी क्लास पायथनमध्ये. तिथे प्रत्येक मेथडमध्ये सेल्फ, म्हणजे हाच ऑब्जेक्ट, हातानेच लिहावं लागतं, जावात त्याच अर्थाचं धिस न लिहिता बऱ्याचदा चालून जातं त्यामुळे तो विचार मागे पडतो, पायथनमध्ये मात्र मेथड कुठल्या ऑब्जेक्टवर चाललीय ते दरवेळी डोळ्यासमोर राहतं. क्लासच्या अंगात सरळ एक रिकामी लिस्ट ठेवली तर ती सगळ्या ऑब्जेक्टमध्ये एकच राहते आणि एका गाडीच्या नोंदी दुसऱ्या गाडीत दिसायला लागतात, हे पण करून दाखवलं. हे लेक्चर दोन तरी हवं होतं.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी तक्रार इनहेरिटन्सची, म्हणजे एका क्लासवरून दुसरा क्लास बनवण्याच्या भागाची. सुरुवातीला जितक्या सावकाश, जितक्या प्रेमाने शिकवलं तितकंच शेवटी पळवलं. ट्रॅक्टर आणि पिकअप हे गाडीचे सबक्लास, ओव्हरराइड, सुपर, इंटरफेस, अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लास हे सगळं शेवटच्या दोन आठवड्यांत कोंबलं, इंटरफेस तर अक्षरशः डोक्यावरून गेलं बऱ्याच जणांच्या. इनहेरिटन्स कधी वापरायचं नाही, एका ऑब्जेक्टमध्ये दुसरा ऑब्जेक्ट ठेवून काम होतं तेव्हा तसंच करायचं, यावर जेमतेम पंधरा मिनिटं, आणि खरं तर हे काम कोणाचं या प्रश्नाचाच तो पुढचा भाग होता, त्यामुळे जास्त हळहळ वाटते. सर, वाचत असाल तर कोर्स एक महिना वाढवा, थोडी फी वाढली तरी लोक देतील.

प्रोजेक्टर जुना आहे, सकाळी साडेदहानंतर खिडकीतून ऊन आलं की अक्षर दिसत नाही, पडदा लावायचं दरवेळी बोलतात आणि राहून जातं. लेक्चरचं रेकॉर्डिंग देत नाहीत, लग्नसराईत ज्यांचे शनिवार बुडाले त्यांना फार अवघड गेलं. लेखी नोट्स सगळ्या इंग्रजीत आहेत, शिकवणं इतकं सुंदर मराठीत आणि नोट्स मात्र कोरड्या, हे पटत नाही, ग्रामीण भागातून येणाऱ्या मुलांसाठी तरी मराठीत काढाव्यात. पार्किंगचं तर विचारूच नका, टू-व्हीलर कशीबशी लागते, फोर-व्हीलर आणू नका. नाशिकरोड, सिडकोकडून येणाऱ्यांनी सिटीलिंकची बस धरली तर जास्त सुखाचं पडेल.

बॅच पंचवीसच्या पुढे जायला लागलीय हे पण नोंदवून ठेवते. फळ्यावर प्रत्येकाने बाण काढायचे ही पद्धत वीस जणांपर्यंतच चालते, त्यापुढे मागच्या बाकावरचे नुसते बघणारे होतात. आमच्या शेवटच्या काही रविवारी ते व्हायला लागलं होतं.

फी एकदम भरावी लागते, हप्ते नाहीत, पण कॉलेज रोडच्या मोठ्या क्लासेसपेक्षा बरीच कमी आहे. पूर्ण पैसा वसूल आहे. नोकरीची गॅरंटी, प्लेसमेंट असलं काही बोर्डावर लिहिलेलं नाही आणि विचारलं तरी सर स्पष्ट नाही म्हणून सांगतात, मला तर यानेच विश्वास बसला.

कोणी जावं? मुक्त विद्यापीठातून बाहेरून डिग्री करणारे, नोकरी करता करता शिकणारे, सेकंड इयरला सी प्लस प्लस पास झालेत पण क्लास का लिहितो ते कळलं नाही असे, यांनी बिनधास्त जावं. ज्यांना स्प्रिंग बूट (जावात वेबचं काम करायचं तयार साधन), वेबसाइट वगैरे लगेच करायचंय त्यांच्यासाठी हा कोर्स नाही, तिथपर्यंत तो जात नाही. इफ-एल्स आणि लूप मात्र आधी येत असलेलं बरं, ते फक्त पहिल्या आठवड्यात उजळणी म्हणून घेतात.

नवीन बॅचच्या आधीच्या रविवारी डेमो लेक्चर असतं, त्याचे पैसे घेत नाहीत. लॅपटॉप घेऊन जा, ब्लूजे आधीच टाकून ठेवा कारण तिथलं वायफाय स्लो आहे, आणि खिडकीच्या समोरच्या बाजूला, फळ्याजवळची जागा धरा.